मोहाचा खडक

लाल दिवा तीनदा लुकलुकतो, थांबतो, परत तीनदा.
एकदा म्हणजे तयार. दोनदा म्हणजे आकाश सापडेना.
तीनदाचं पान वाळवीनं नेलंय.

मूठभर यंत्र, पिवळं,
पाठीवर वनखात्याचा नंबर खिळ्यानं कोरलेला.
बोधडीच्या चौकीत टेबलावर वर्तमानपत्र अंथरून
मी त्याचं पोट उघडलं.
सेलच्या पत्र्यांवर हिरवा जंग.
लिंबाची फोड, दात घासायचा जुना ब्रश,
मग फुंकर, मग रुमालाचं टोक.
नवे सेल. झाकणाची रबरी कड नीट बसवली.
तीनदा.

झाडाखाली नको, उघड्यावर जा, साहेब म्हणाले.
भादव्यात सागाचं पान सुपाएवढं होतं,
किनवटच्या ह्या रानात उघडं म्हणजे कुठं?
मग आठवला तो खडक,
चैतात बाया जिथं मोहाची फुलं वाळवतात.
चिखलातून पाऊण तास.
वर मात्र आभाळ ताटासारखं मांडलेलं.

अँटेनाची पट्टी शिंप्याच्या टेपसारखी सुटली, उभी राहिली.
चाचणीचं बटण दोन सेकंद दाबायचं.
मी जरा जास्तच दाबलं असेल.
हिरवा!
एकटीच हसले, मोठ्यानं.

खाली चौकीत येते तर फोन वाजतोय.
इस्लापूरहून एक बाई:
'अवो, कुठल्या तरी ऑफिसातून फोन आला,
खुपसे डोंगरात संकटात हाईत म्हणून.
म्या बघते तर हे ओट्यावर
शेंगा फोडत बसलेत.'

खुपसे. माझ्या आधीचे ह्या बीटवर.
निवृत्त होऊन तीन वर्षं झाली
आणि उपग्रहाला कुणी सांगितलंच नाही.

त्यांनी फोन घेतला. तोंडात शेंग असावी.
'कुठून दाबलं?'
मोहाच्या खडकावरून.
बराच वेळ काही नाही. मग,
'तिथं आभाळ चांगलं मिळतं.
खडकाच्या बुडाला झिरा हाय का अजून?'
मी बघितला नव्हता.
काका, तीनदा म्हणजे काय हो?
'ते मलाबी कधी कळलं नाही.
म्या एक चापट मारायचो.'

रात्री नोंदणीचा फॉर्म घेऊन बसले.
नाव: मैनावती टारपे.
रक्तगट: बी पॉझिटिव्ह.
संकटात कोणाला कळवायचं?

आईचा फोन पिठाच्या डब्यावर बंद पडलेला असतो.
भाऊ हैदराबादेत, दर महिन्याला नवं सिम.
साहेब रेंजमध्ये असले तर असले.

बाकी सगळं खोडलं,
खुपसेबाईंचा नंबर तसाच ठेवला.
दुसऱ्या रिंगला उचलला होता त्यांनी,
आणि आधी उठून
ओट्याकडं बघून आल्या होत्या.