पाऊणकी

ठरावाच्या वहीत एवढंच आहे:
शाळेसाठी ऑनलाइन कॅलेंडर निवडणे.
जबाबदारी – श्रीमती पाटकर, गणित.
सूचक, अनुमोदक, चहा.
आणि श्रीमती पाटकर म्हणजे मी
लॅपटॉप मांडीवर घेऊन
जिन्याच्या सातव्या पायरीवर बसते,
कारण रेंज आठवीला नाही, सहावीलाही नाही.

पहिलं फुकट आहे.
पण आत शिरताना दर वेळी विचारतं, तुम्ही माणूस ना?
मग नऊ चित्रांतले सिग्नल ओळखा.
आमच्याकडे सिग्नल म्हणजे ही सातवी पायरी.

दुसरं मुलामागे वर्षाचे पैसे मागतं, तेही डॉलरमध्ये.
एकशे चौदा मुलं.
हळदणकर मॅडमनी गुणाकार अर्ध्यावर सोडला
आणि खिडकीतून खाडीकडे बघत राहिल्या.

तिसरं मराठीत बोलतं. थोडं सरकारी, पण बोलतं.
उघडलं की पहिली ओळ:
आज तुमच्याकडे कोणतीही घटना नाही.
मी मोठ्याने वाचलं. स्टाफरूम हसली.
घंटेचा टोला हातात धरून
धाकू तांडेल दारात उभे होते, ते नाही हसले.

मग भरायला बसलो.
स्वातंत्र्यदिन: दर वर्षी. झालं.
ईदला मुकादम सर म्हणाले, दोन्ही दिवस भरा,
चंद्र दिसला की एक खोडू.
शिमग्याची पालखी कुठल्या वाडीत कधी,
ते गावकर ठरवणार, आणि गावकर ईमेल बघत नाहीत.
इथपर्यंत निभावलं.

अडलं ते सहामाहीपाशी.
गणिताचा पेपर, मंगळवार, सकाळी अकरा.
मी बटण दाबणार तेवढ्यात दारातून,
"त्या दिवशी सप्तमी, बाय.
अकराला पानी नसतं. होडी चिखलात बसंल.
पलीकडची पोरा कशी येतील?"

पलीकडची पोरं तेवीस.
धाकूंनी बोटांवर मोजलं,
सात पाऊण सव्वापाच.
सव्वापाचला भरती, म्हणजे साडेअकराच्या आसपास तळ.
दोन वर्षं बी.एड. केलं मी, तेरा वर्षं गणित शिकवते,
पाऊणकीचा पाढा मला येत नाही.
आजोबांना यायचा. आम्ही त्यांना हसायचो.

सॉफ्टवेअरला विचारलं.
पुनरावृत्ती: रोज, आठवड्याला, महिन्याला, वर्षाला.
रोज, पण कालच्याहून पाऊण तास उशिरा,
असा पर्याय तिन्हीत नाही.
मदत-केंद्राला लिहिलं. उत्तर आलं,
आपली समस्या आम्हाला समजली आहे,
कृपया ब्राउझर बदलून पाहा.

समुद्र बदलून पाहा म्हणाले नाहीत, एवढं बरं.

शेवटच्या बैठकीला तक्ता केला होता मी,
किंमत, भाषा, सुरक्षितता, गुण दहापैकी.
मॅडमनी तो उलटा ठेवला, त्यावर कप ठेवला
आणि धाकूंना विचारलं, तुम्हाला काय वाटतं?
ते जरा गोंधळले. त्यांना कोणी विचारत नाही.
मग माझ्याकडे बघून म्हणाले,
"ता मराठीतला... घटना नाय म्हनता ता,
रोज सांगता काय तसा?"
रोज सांगतं, मी म्हटलं.
"मग ताच घ्या."

कोणी काही बोललं नाही.
त्यांच्या धाकट्या भावाची होडी
आंबोळगडपुढे गेली ती परत आली नाही,
त्या वर्षी मी इथे नव्हते. बाकी सगळे होते.

ठराव मंजूर.

आता दर अमावास्येला आम्ही दोघं सातव्या पायरीवर.
ते पाढा म्हणतात, मी पंधरा दिवसांचं पाणी
एकेक करून टंकते. निळा रंग दिलाय भरतीला.
तीन पाऊण सव्वादोन. चार पाऊण तीन.
गणिताचा पेपर दीडला नेला.
तेवीसच्या तेवीस आली,
पाय धुऊन, पायऱ्यांवर ओले ठसे ठेवून.
दोघं नापास झाली. त्याला भरती जबाबदार नाही.