न्यूलिनचं शून्य

धक्क्याच्या टोकाला, लाल टोपीच्या दीपस्तंभाशेजारी
एक खोली आहे, आपल्याकडच्या पंपघराएवढी.
तिचं दार क्वचित उघडतात.
त्या दिवशी डेन्झिल पास्को मला घेऊन गेला.
माझा डायलिसिसचा पेशंट, सोमवार-बुधवार-शुक्रवार,
जन्म सगळा मासेमारीत गेलेला
आणि समुद्राबद्दल शक्यतो न बोलणारा.

जमिनीतलं झाकण उचललं.
आत पितळेचा खिळा, डोकं सुपारीसारखं गोल.
"या बेटावरचा प्रत्येक डोंगर
इथून मोजतात," तो म्हणाला.

आई भूगोल शिकवायची, अमळनेरला, मुलींच्या शाळेत.
'समुद्रसपाटीपासून उंची'
हे शब्द मी पाढ्यांसारखे घोकलेत,
स्टेशनावरच्या पिवळ्या पाटीखाली मान वर करून वाचलेत.
पण कधी विचारलं नाही
की समुद्र सपाट असतो कधी?

नसतोच.
म्हणून एकोणीसशे पंधराच्या मेपासून
सहा वर्षं इथे नुसत्या नोंदी केल्या.
तरंगता गोळा, कागद, घड्याळ.
मधे महायुद्ध येऊन गेलं.
गावातले मुलगे गेले, सगळे परतले नसणार,
आणि तरी कुणीतरी
घड्याळाला किल्ली देत राहिलं असणार.

खोलीच्या पोटात विहीर आहे.
समुद्र तिच्यात येतो, पण अरुंद भोकातून,
चपला बाहेर काढून आल्यासारखा.
लाटा उंबऱ्याबाहेर.
आत येते ती फक्त भरती, फक्त ओहोटी.
मी त्या काळ्या पाण्याकडे बघत राहिले.

हेमराज रोज मेसेज करतो.
'आज आईनं ओळखलं.'
'आज नाही.'
'आज मला मामा म्हणाली.'
'वरणात मीठ कमी आहे म्हणाली, म्हणजे बरी आहे.'
मी एका मेसेजला बुडते, दुसऱ्याला तरते.
माझ्यात कुठे अशी विहीर नाही.
थेट समुद्र.

परतताना, धडा सापडल्याच्या आनंदात
मी डेन्झिलला म्हटलं,
एका लाटेवरून काही ठरवू नये, नाही का?
मॅकरलच्या पेट्या ओलांडत तो म्हणाला,
"माझा भाऊ एकाच लाटेत गेला, बाई.
त्याला सरासरी काय कामाची?"

मग बराच वेळ
फक्त सीगल बोलत होते.

गाडीपाशी आल्यावर तोच म्हणाला,
"त्या खुणेवर समुद्र दिवसातून चारदा येतो.
येतो आणि ओलांडून जातो. थांबत नाही.
आणि ती खूण केली तेव्हापासून
वीतभर वर चढलाय.
खिळा आहे तिथेच आहे."

रात्री पेन्झन्सच्या खोलीत वही घेऊन बसले.
ओळखलं त्या दिवशी टिंब, नाही त्या दिवशी फुली.
मार्चपासून उतार आहे.
कुठल्याही विहिरीत सोडून पाहिला
तरी उतारच आहे.
पण तो मोजायला तरी
एक न हलणारं काहीतरी लागतं,
आणि ते काय, ते मला वहीत सापडेना.

पहाटे फोन लावला. तिकडे नऊ वाजून गेले होते.
"कोण बोलतंय?"
मी नाव सांगितलं नाही.
विचारलं, "बाई, अमळनेर
समुद्रसपाटीपासून किती उंच आहे?"

"फुटांत सांगू की मीटरमध्ये?"

दोन्ही सांगितलं तिनं, खडाखडा.
मग जरा थांबून,
"बसून काय विचारतेस? उभी राहा.
कुठल्या वर्गातली गं तू?"

मी खुर्चीवरून उठले.
खिडकीबाहेर पाणी चढत होतं की उतरत होतं,
अंधारात कळत नव्हतं.

"सहावी ब," मी म्हटलं.