खुडूक

नंदुरबारला पथारीवर मिरची वाळत पडते तेव्हा
कोंबड्या तिच्यावरून चालतात, बी टिपतात,
आणि त्यांना ठसका लागत नाही.
त्या दिवसांतलं अंडं फोडा:
बलक पिवळा नसतो, शेंदरी.
गिऱ्हाईक म्हणतं, वा, काय जात आहे!
मी गप्प.
हा रंग चोचीतून येतो,
जातीचं त्यात काही नाही.

जातीचं जे आहे ते माझ्या वहीत.
लाल कापडी पुठ्ठ्याची, आडतवाल्याकडून आणलेली लांबडी वही.
पहिल्या पानावर अठरा कोंबड्या, दोन कोंबडे,
प्रत्येकीच्या पायात वायरीचा एकेक रंग.
वर्षाला साठ अंडी, कुणाची सत्तर,
एकीची एकशे चार.
तिचीच पिल्लं ठेवली.
मग त्या पिल्लांतल्या जास्त देणारीची.
मग तिच्या.
सोपं होतं. आकड्यावर बोट ठेवायचं
आणि बाकीच्यांना बाजाराची टोपली.

सातव्या पिढीला एकशे छप्पन्न.
त्याच वर्षी चैत्रात
अंडी हातातल्या हातात तडकू लागली.

मी उन्हाला दोष दिला. चव्वेचाळीस डिग्रीत
कोंबडी धापा टाकते, कवच पातळ होतं,
हे खरंच आहे.
ओली पोती टांगली. शिंपल्यांचा चुरा घातला.
थोडा फरक पडला.

मग लेथवाल्या अन्वरभाईंकडून मायक्रोमीटर आणला.
पहिल्या वर्षीची कवचं अजून डब्यात होती,
गुलाबाला घालायची राहून गेलेली.
ती भरली सदतीस. आताची, तीस.
बशीत फोडलं तर पांढरं
पूर्वी बलकाला धरून उभं राहायचं,
आता वाट फुटेल तिकडे जातं.

चुना तेवढाच, भिंती दीडपट.
मी एकच दोरा ओढत होते
आणि मागे कुठे काय उसवतंय
ते विचारायला कोंबडीला तोंड नव्हतं,
मला डोळे होते, पण ते आकड्यावर.

नवव्या पिढीत एक बसली.
निळी वायर.
पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून,
हात घातला की टोचणारी.
खाली काय होतं? एक कांदा.
तोच ऊबवत होती.

माझा नियम साधा: खुडूक ठेवायची नाही.
बसली की महिना-दीड महिना अंडं बंद.
आठ पिढ्यांत मी खुडूकपण काढून टाकलं होतं,
म्हणजे कोणाकोणाला काढलं
ते 'वजा' च्या रकान्यात आहे, रंगांसकट.
वाटलं होतं, रक्तातूनही गेलं.

जातरीबाई पथारीवरून घरी जाताना थांबली,
कोपरापर्यंत मिरचीने लाल.
"मले दी टाक," म्हणाली, "तू इकी टाकशी."
दीडशे सांगितले, शंभर घेतले,
कांदा तिने परत दिला.

शेजारपाजारची बारा अंडी खाली ठेवली तिने.
अकरा पिल्लं.

दिवाळीनंतर तीच कोंबडी पुन्हा अंड्यावर आली, तेव्हा
जातरीबाईने एक अंडं पदराच्या गाठीत आणून दिलं.
मी फोडलं, मोजलं: पस्तीस.
एका अंड्यावरून काही ठरत नाही, ठाऊक आहे मला.
तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं,
तेच कवच, दुसऱ्या बाजूने.

आता तिच्याच पोटचा, पुढल्या खेपेचा एक तांबडा कोंबडा
मला हवा आहे.
तीनदा जाऊन आले.
जातरीबाई पाचशे सांगते.
मी म्हणते, अगं, रक्त तर माझ्याच वहीतलं,
नऊ वर्षांचं.
ती मिरचीचे देठ खुडत राहते, वर बघत नाही.
"तूच त काढी टाकेल व्हती."