दूध तोडण्याचा दिवस

जून सरत आला की आई दह्याचं पिंप खरवडायची.
तो आवाज आला की आम्ही समजायचो,
आता कोकरांचं दूध तुटणार.
किती आठवड्यांची झाली, हे कुणी मोजत नसे.
पिंपाचा तळ दिसला
की कोकरू मोठं झालं.

आइसलँडच्या त्या टोकाला तेव्हा रात्र नसते.
सूर्य समुद्राला टेकतो न टेकतो, पुन्हा वर.
दगडी कुंपणाच्या अलीकडे मेंढ्या, पलीकडे कोकरं,
आणि मधल्या भिंतीवर मी,
दहा वर्षांची राखणदार.
तीन दिवस नुसतं बें बें.
अंधार असता तर निदान
एकमेकांची तोंडं तरी दिसली नसती.

फार हट्टी असत त्यांच्या तोंडात ब्रांदुर मामा
जुनिपरची आडवी काडी बसवायचा,
लोकरीच्या दोऱ्यानं डोक्यामागे बांधलेली.
गवत खाता येतं,
आचळ धरता येत नाही.
"यालाच शहाणपण म्हणतात, सैउन,"
तो तंबाखू थुंकत म्हणायचा.

बाकीची डोंगरावर हाकलली.
मोराचं लंगडत होतं, ते घराशी राहिलं.
पाच आठवड्यांचं, कानच तेवढे वाढलेले.
सगळे झोपले की मी त्याची काडी काढायची,
आई उठायच्या आत पुन्हा बांधायची.
उन्हाळाभर तेच.
सकाळी मोराची कास रिकामी.
आई म्हणायची, आटली, म्हातारी झाली.
मी बादली धरून उभी,
माझ्याही तोंडात काडी.

सप्टेंबरात कळप खाली आला.
दारात लोखंडी काटा टांगला,
पोटाखालून पट्टा घालून एकेकाला उचललं.
एकोणसाठ पौंड. बासष्ट. सत्तावन्न.
मग मोराचं.
मामानं वजन दोनदा सरकवून पाहिलं. एकाहत्तर.
"बघा, घरच्या कुरणाचं गवत!"
सगळे काट्याकडे बघत होते.
आई माझ्याकडे.

कोळशाची पहिली रेघ त्याच्याच पाठीवर ओढली,
अंग धरलं म्हणून.
दुसरी मोराच्या,
दूध नाही म्हणून.
आई काही बोलली नाही. मीही नाही.
डिसेंबरात, दिवस उगवतच नव्हता तेव्हा,
तिनं मटणाचा रस्सा वाढला,
माझ्या वाटीत एक पळी जास्त.

मी चाटूनपुसून खाल्ला.
चांगला लागला होता,
हे अजून कुणाला सांगवत नाही.