शेपटीचा दिवा

पुण्याहून आलेल्या गृहस्थांनी भिंग काढलं,
डबे एकेक करून उलटे केले, बुडाखालचा शिक्का वाचला.
कोळशाचा, गुरांचा, तेलाच्या टाकीचा, केळ्यांचा.
चारही जर्मन, म्हणाले, पहिल्या लढाईनंतरचे.
रिव्हेट बघा, खरे नाहीत, पत्र्यावर छापलेत.
मला ठाऊक होतं. लहानपणी नखाने
उचकटून पाहिले होते.

देवळाली कॅम्पातला कुणी साहेब सत्तेचाळीसला निघाला
तेव्हा लिलावात इंजिन दुसऱ्याच कुणी नेलं.
दादांच्या वाट्याला नुसती मालगाडी, साडेतीन रुपयांत.
इंजिन मी. कमरेला सुतळी बांधून
शरणपूरच्या घरात चूल ते उंबरा.
कोळशाच्या डब्यात बेदाणे,
गुरांच्या डब्यात शेजारच्यांचा पोळ्याचा बैल,
तोही शिंगं मोडल्यावरच मावला.
केळ्यांच्या डब्यात काय, ते दादा खडूने लिहीत:
लासलगाव ते मनमाड. किंवा नुसतंच, रिकामा.

पण गार्डाचा डबा नव्हता.
आणि शांतवन गायकवाड, मालगाडीचे गार्ड, नाशिकरोड,
गार्डाशिवाय गाडी सोडतील कशी?
भद्रकालीतल्या मुनीर पत्रेवाल्यांनी तो तुपाच्या डब्यातून कापला.
आत अजून उलटं 'शुद्ध' वाचता येतं,
'तूप' कात्रीत गेलं.
मागे लाल काच, फुटक्या बांगडीची.
हूक जरा मोठा झाला. वळणावर, पाटापाशी,
हटकून सुटायचा.
"गाडी तुटली!" दादा ताटावरून उठायचे,
हातात नसलेला कंदील हलवत
मागे चालत जायचे, थेट मोरीपर्यंत.
भात निवायचा. आई काही बोलायची नाही.

हा इथलाच दिसतो, गृहस्थ म्हणाले, याला किंमत नाही.
खडूचं पुसट काहीतरी होतं केळ्यांच्या डब्यावर,
ते त्यांनी ओल्या बोटाने पुसलं.
चार डबे जुन्या पेपरात गुंडाळले,
पैसे दोनदा मोजले. मीही मोजले.
कवळीचे द्यायचे होते.

गाडी गेली तरी स्टेशनमास्तर लगेच आत वळत नाही,
दादा सांगायचे. तो शेपटीचा दिवा बघतो.
दिवा दिसला म्हणजे गाडी अखंड आली,
मग मागचा सेक्शन मोकळा,
मग दुसरी सोडायची.

खिडकीत ठेवलाय तो.
चारच्या उन्हात बांगडीची काच
फरशीवर लाल ठिपका टाकते, मोरीच्या बाजूला.
पुण्यात कुणी वही उघडून बसलं असेल
तर लिहू नका म्हणावं इतक्यात,
गाडी पुरती आलेली नाही.