खाच

लिएजमध्ये दर रविवारी म्यूज नदीच्या काठाने बाजार भरतो:
चीज, जिवंत कोंबड्या, मोजे, पडद्याचं कापड,
आणि शेवटच्या पुलाअलीकडे, विटक्या मखमलीवर,
लोकांच्या आजोबांची पिस्तुलं.
म्हणजे, विकणारा म्हणतो आजोबांची.

मी आठवडाभर शहरात बस चालवते.
पहिलं पिस्तूल घेतलं ते पगाराच्या दुसऱ्या दिवशी,
चकमकीचं, मुठीत चांदीची तार भरलेलं,
आणि नेऊन ठेवलं फिर्मां देवांद्रच्या टेबलावर
मांजर उंदीर आणून ठेवतं तसं.

त्याने पाहिलंच नाही. हुंगलं.
"चहा," म्हणाला. "लाकूड चहात उकळलंय,
वरून बुटाचं पॉलिश.
नाकाला पैसे पडत नाहीत, आधी ते वापरत जा."

बंदुकांच्या कारखान्यात चाळीस वर्षं कानस चालवलेला माणूस.
त्याच्याकडे शिकणं म्हणजे निम्मा वेळ गप्प बसणं.
गंज बघ, म्हणायचा. खरा गंज आळशी असतो,
घाम लागला, ओल मुरली, तिथेच खातो.
ॲसिडचा गंज म्हणजे पंगत,
सगळ्यांना सारखं वाढलेलं.
रंजकाच्या वाटीत बोट घाल, जळलंय का?
ठसा बघ. ठशाखाली गंज असेल
तर गंज आधी आणि चाचणी नंतर,
म्हणजे मुलगा बापाच्या लग्नात जेवून गेला.

आणि स्क्रू.
जुना कारागीर एकेक स्क्रू हाताने कापायचा,
त्याची खाच कधी नेमकी मध्यावर पडायची नाही,
एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या भोकात जायचा नाही.
"जुळी दिसली की उठायचं. भाव विचारत बसायचं नाही."

तीन वर्षांत मी दोन पिस्तुलं घेतली, अकरा खाली ठेवली.
वाईट एवढंच, की सवय लागली.
बसच्या आरशात दिसणारा चामड्याचा कोट,
कुणाची अंगठी, कुणाचं लंगडणं,
"पास घरी राहिला हो" म्हणणारा आवाज,
सगळ्याची खाच बघायला लागले मी.

फिर्मां फेब्रुवारीत गेला.
मार्चमध्ये गिस्लेनने बोलावलं.
नामूरचा मुलगा म्हणतोय, भिंत रिकामी करा, छप्पर गळतंय.
मधोमध ते होतं, अष्टकोनी नळीचं,
जे त्याने कधी माझ्या हातात दिलं नव्हतं.
"ते राहू दे," म्हणायचा.

वास काही नव्हता. गंज आळशी.
लाकूड मूठ पडते तिथेच काळवंडलेलं.
मी खुश होत होते.
मग खिडकीपाशी नेलं.
तीन स्क्रू, तीन खाचा,
तिन्ही मध्यावर, भांग पाडल्यासारख्या.

पट्टी उघडली. आत, जिथे गिऱ्हाईक बघत नाही,
लाकडावर पेन्सिलीने त्याचं अक्षर:
*फसलो. नोव्हेंबर १९७१. दोन महिन्यांचा पगार.*
खाली, शाईने, बऱ्याच वर्षांनंतरचं असावं:
*पण स्प्रिंग काय घासलीय!*

गिस्लेन चिकोरीची कॉफी घेऊन आली.
"याचं किती येईल?"
गप्प बसायचं तो मला शिकवून गेला होता,
तरी मी म्हटलं, छपराचं होणार नाही.
एका पन्हळीचं होईल कदाचित.
आणि आतली ओळ दाखवली.

तिने चष्मा शोधला. वाचली. पुन्हा वाचली.
"म्हणजे हेच ते," म्हणाली.
"दोन महिने आम्ही उकडलेल्या बटाट्यांवर काढले.
मला म्हणाला, कारखान्यात संप आहे.
रोज सकाळी डबा न घेता बाहेर पडायचा,
संपवाल्यांबरोबर उभं राहायला."

साखर ढवळत राहिली.

"कारखान्याचा भोंगा इथवर ऐकू यायचा तेव्हा.
सातला. रोज."

मी स्क्रू परत बसवत होते.
कुठला कुठे,
काही फरक पडत नव्हता.