टाचण्या

सित्राच्या धक्क्यावर, तेलाच्या हिशेबाच्या खोलीत
हॅलोरन साहेबानं नकाशा ठोकला,
त्यात जमीन इतकी थोडी
की मला वाटलं, छापायचं काहीतरी राहून गेलंय.
निळा कागद. त्यावर माशी बसून गेल्यासारखी बेटं.
निळ्या टाचण्या अमेरिकेच्या, लाल जपानच्या,
आणि त्या हलवायचं काम माझं.
मी दिगंबर नाबर, राहणार वेंगुर्ले,
पगार पंच्याऐंशी रुपये,
अक्षर वळणदार म्हणून बहरीनला आलेला.

पहिली लाल टाचणी टोचली तेव्हा
जुमा बिन राशिद दारात दोरखंड गुंडाळत होता.
बंदराचं नाव काय, त्यानं विचारलं.
मोडक्या अरबीत मी म्हटलं : मोत्यांचं बंदर.
त्यानं चांगला कान पुढे केला
(दुसरा दहा वाव पाण्याखाली फुटलेला).
"जपान्यांनी? मोत्यांचं बंदर?"
आणि हसला, दात नसलेल्या बाजूनं.
"ते तर त्यांनी केव्हाच बुडवलं. आमचं."

कोंबड्या पाळाव्यात तसे त्यांनी मोती पाळले, म्हणाला,
शिंपल्याच्या पोटात मणी सारून.
मुंबईचा दलाल त्या साली पेटी न उघडताच परतला.
नाखव्यानं गलबत वाळूत ओढलं, ते ओढलंच.
बापाचं देणं मात्र कोरडं पडलं नाही.
त्या लढाईची टाचणी
कोणत्याच भिंतीवर नव्हती.

रोज संध्याकाळी साहेब रेडिओ ऐकून चिठ्ठी धाडायचा.
लाल रंग गोवरासारखा पसरला :
मनिला, सिंगापूर, रंगून.
मी रंगूनपाशी थांबलो, तिथून घर किती बोटं, मोजून पाहिलं.
मग जूनमध्ये एके दिवशी चिठ्ठी आली,
चार लाल टाचण्या काढ.
काढल्या. खाली बेट नव्हतं, जहाजं होती,
आता चार भोकं होती.

ग्वाडलकनाल लिहिताना तीनदा खोडलं.
सहा महिने त्याच भोकात
लाल, निळी, लाल, निळी,
शेवटी कागद तिथं जाळीदार झाला
आणि टाचणी उभी राहीना.
पुढे तरावा. सायपान. लेते.
दमट हवेनं नकाशा फुगला, टाचण्या गंजल्या,
लाल कुठली निळी कुठली, बोटाला कळेना.
ओकिनावापाशी तर, साहेब म्हणाला,
ते विमानंच टोचतायत.

खाली धक्क्याला टँकर लागलेले असत.
मी टन लिहायचो, तारीख लिहायचो,
'कुठे' या रकान्यात आडवी रेघ ओढायचो.
ती माझी सरळ यायची. तिचं कौतुक व्हायचं.

ऑगस्टात साहेब स्वतः वर आला.
हिरोशिमा मलाच शोधावं लागलं.
टाचणी कोणत्या रंगाची लावू, विचारलं.
तो खिडकीबाहेर बघत राहिला, मग म्हणाला,
राहू दे.

नकाशा उतरवला त्या दिवशी जुमा मदतीला होता.
त्यानं कागद टेबलावर पसरला, हातानं सारखा केला,
आणि त्या चार भोकांवर बोट ठेवलं.
"इथं खोल किती?"
नकाशात लिहिलेलं नव्हतं.
"दहा वाव?"
पुष्कळ जास्त, मी म्हटलं.
तो डोळे मिटून काही मोजू लागला,
मला वाटलं माणसं मोजतोय,
पण तो श्वास धरून होता.
खूप वेळानं सोडला.

"खाली जाणारा दोराला झटका देतो," म्हणाला,
"मग वरचा ओढतो. वरचा झोपला, तर संपलं.
मी बावीस वर्षं बुड्या मारल्या, माझा ओढणारा कधी झोपला नाही.
यांच्या दोराला वर कोण होतं?"

मी टाचण्या डबीत भरत होतो.
सगळ्या भरल्या. झाकण लावलं.
खाली पुढचा टँकर लागला होता,
भोंगा दोनदा वाजला.